वाचकांचे प्रश्न: 'सी'मध्ये अक्षर सापडतं, पण स्थान चुकतं

प्रश्न: दिवस-महिना-वर्ष अशा तारखेत पहिलं '-' कितव्या स्थानी आहे ते काढायला 'सी' भाषेतलं अक्षर शोधणारं फंक्शन स्ट्रचर (एस-टी-आर-सी-एच-आर) वापरलं. उत्तर २ हवं, पण भलामोठा आकडा छापला जातो. काही ओळींवर तर 'सेगमेंटेशन फॉल्ट' येऊन प्रोग्राम बंद पडतो.

उत्तर: स्ट्रचर स्थान देत नाही, सापडलेल्या अक्षराचा मेमरीतला पत्ता, म्हणजे पॉइंटर देतं. तुम्ही तो पत्ताच छापताय. मिळालेला पॉइंटर 'पी' आणि स्ट्रिंग 'एस' असेल, तर स्थान म्हणजे पी वजा एस. मोजणी शून्यापासून, म्हणून २. ही वजाबाकी छापायला '%टीडी' हा फॉरमॅट आहे; तिथे नुसता '%डी' चौसष्ट-बिट मशीनवर चुकीचा.

अक्षर नसेल तर 'नल' (कुठेही न नेणारा रिकामा पॉइंटर) परत येतो. ज्या ओळींत '-' नाही तिथे तुम्ही तोच नल वापरलात, म्हणून फॉल्ट. आधी नल तपासा, मगच वजाबाकी करा.

स्ट्रचरला '-' देताना एकेरी अवतरणाऐवजी दुहेरी टाकलंत तर अक्षर न जाता स्ट्रिंगचा पत्ता जातो. जुने कंपायलर यावर फक्त इशारा देत (आणि इशारे वाचतो कोण!), जीसीसी या कंपायलरच्या १४व्या आवृत्तीपासून थेट एरर येते.

दुसरं '-' हवं असेल तर पुढचा शोध 'पी अधिक १' पासून सुरू करा. हा १ विसरलात तर तेच '-' पुन्हा पुन्हा सापडतं आणि लूप संपतच नाही. फक्त शेवटचं हवं असेल तर त्यासाठी स्ट्रआरचर हे फंक्शन आहेच.

प्रश्न: मराठी मजकुरात 'क' शोधला तर पॉइंटर अक्षराच्या मधेच जातो. असं का?

उत्तर: यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या पद्धतीत 'क' हे तीन बाइट आहेत: २२४, १६४, १४९. स्ट्रचर एकच बाइट शोधतं. एकेरी अवतरणातल्या 'क'चा जीसीसी एक मोठा पूर्णांक करतो आणि त्यातला शेवटचा १४९ तेवढा शोधात उरतो. म्हणून पॉइंटर दोन बाइट पुढे पडतो. इथे दुहेरी अवतरणातला "क" देऊन स्ट्रस्ट्र हे अख्खी स्ट्रिंग शोधणारं फंक्शन वापरा, त्याचा पॉइंटर बरोबर पहिल्या बाइटवर थांबतो. मात्र 'की' आणि 'क्ष' यांतही हा क सापडणारच. सुटा क हवा असेल, तर पुढच्या तीन बाइटांत काना-मात्रा, अनुस्वार किंवा हलन्त नाही ना, हे स्वतः तपासावं लागेल.