तालुक्याच्या कॉलेजनं शैक्षणिक तंत्रज्ञानासाठी कुणाशी करार करावा?

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बीड जिल्ह्यातल्या एका अनुदानित कॉलेजात आयक्यूएसीचं, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता कक्षाचं, काम तुमच्या गळ्यात पडलंय. प्राचार्य म्हणतात, नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) तपासणीआधी तंत्रज्ञानातल्या भागीदारीचे चार-पाच एमओयू, म्हणजे सामंजस्य करार, करून ठेवा. पुण्याच्या एका कंपनीचं एलएमएसचं (ऑनलाईन शिकवण्याच्या सॉफ्टवेअरचं) कोटेशनही टेबलावर आहे. तर करार कुणाशी करावेत आणि त्यात काय लिहावं?

मी परभणी जिल्ह्यात तालुक्याच्या ठिकाणी भौतिकशास्त्र शिकवतो. शेजारच्या दोन कॉलेजांबरोबर मिळून आम्ही मूडल हे असंच एक फुकट सॉफ्टवेअर चालवतो, तेवढ्या अनुभवावर लिहितोय. माझं मत आधीच सांगून टाकतो. कंपनी सगळ्यात शेवटी. आधी तासाभराच्या अंतरावरचं कॉलेज, मग आयआयटींनी फुकट ठेवलेलं साहित्य. आणि कुठल्याही करारावरची सही काम सुरू झाल्यानंतर.

आपल्याकडं एमओयू कसा होतो ते तुम्हाला माहीतच आहे. शाल, श्रीफळ, मागं बॅनर, दोन प्राचार्य फाईल धरून उभे, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. मग ती फाईल उघडते ती नॅकच्या तपासणीच्या आठवड्यात. पण नॅकला नुसते करार मोजायचे नसतात, ते कार्यरत आहेत का आणि त्यातून दरवर्षी काय घडलं तेही विचारलं जातं. तेव्हा काहीच न घडलेला करार फायलीतही जागाच अडवतो. उलट एका वर्गाचा एक पेपर दोन कॉलेजांनी सत्रभर मिळून शिकवला तर हजेरी, प्रश्नपेढी, चाचण्यांचे निकाल असं सगळं आपोआप जमा होतं. त्यावर मग एक पानाचा करार करायला कुणाची ना नसते.

आता शेजारचं कॉलेज म्हणजे कुठलं, हा प्रश्न मराठवाड्यात दिसतो तितका सोपा नाही. तुमचं कॉलेज डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचं. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव त्यांच्याकडं. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली १९९४ पासून स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडं. परळी आणि गंगाखेड एकाच रेल्वेमार्गावरची गावं, पण अभ्यासक्रम वेगळा, पेपरची नावं वेगळी, परीक्षेच्या तारखा वेगळ्या. अंबाजोगाई आणि लातूरचंही तेच. तुम्ही या सीमेजवळ असाल तर अख्खा पेपर मिळून शिकवायच्या नादी लागू नका, प्रकरण वाटून घ्या. थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम दोन्ही विद्यापीठांत सारखाच असतो, फक्त तो कुठल्या सत्रात कुठल्या युनिटमध्ये बसवलाय तेवढंच बदलतं. प्रकरणाप्रमाणं साहित्य केलं की ज्याला जेव्हा लागेल तेव्हा तो उचलतो, आणि अभ्यासक्रम बदलला तरी केलेलं काम वाया जात नाही. नव्या शैक्षणिक धोरणानंतर अभ्यासक्रम किती वेळा हलले ते आपण सगळे बघतोच आहोत.

आमच्याकडं वाटणी अशी झाली: एकानं ऑप्टिक्स घ्यायचं, दुसऱ्यानं विद्युतचुंबकत्व, तिसऱ्यानं थर्मो. ज्यानं जे घेतलं त्यानं त्याची प्रश्नपेढी करायची, दहा-बारा मिनिटांची स्पष्टीकरणं रेकॉर्ड करायची, बाकीच्या दोघांनी तपासायची. शेतात सावड चालते तसाच हा हिशेब. आज तुमच्या रानात, उद्या माझ्या, आणि कोण कमी राबलं हे सगळ्यांना दिसतं. दिसतं म्हणूनच काम होतं. दूरच्या नामांकित संस्थेबरोबरच्या करारात हे दिसणं नसतं. त्यांना आपण आठवतही नाही आणि आपल्याला त्यांना फोन करायचा संकोच वाटतो.

एक अडचण कुठल्याही प्रशिक्षणात सांगत नाहीत म्हणून इथं लिहितो. जुन्या प्राध्यापकांच्या नोट्स श्री-लिपी नाहीतर कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेल्या असतात. त्या मूडलमध्ये चिकटवल्या की सगळं अगम्य होतं. सुरुवातीचा बराच वेळ तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर दिसेल अशा अक्षरांत, बदलण्यात जातो, तो धरून चाला. हे काम विद्यार्थ्यांकडून करून घेता येतं, पण फुकट नको. कमवा आणि शिका योजनेत बसवता येतं का बघा.

मूडल का, तर फुकट आहे म्हणून, आणि त्याहून जास्त म्हणजे उचलून नेता येतं म्हणून. ऑस्ट्रेलियात मार्टिन डुगियामास यांनी केलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर २००२ पासून चालू आहे. कोर्सचा बॅकअप एका फाईलमध्ये निघतो आणि दुसऱ्या कॉलेजच्या मूडलमध्ये तसाच चढतो. मोबाईल ॲपमध्ये धडा आधी उतरवून घेतला की नेट नसतानाही वाचता येतो. होस्टिंगचा खर्च तिघांत वाटला की कुणालाच जड जात नाही.

खरी गोम पासवर्डची आहे. कॉलेजात हे सगळं सांभाळणारा माणूस बहुधा संगणकशास्त्राचा तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक असतो. हुशार असतो, उत्साही असतो, आणि सत्र संपलं की त्याची नेमणूक संपते. पुढच्या वर्षी तो दुसऱ्या कॉलेजात किंवा स्पर्धा परीक्षेच्या क्लासवर असतो, आणि ॲडमिनचा पासवर्ड त्याच्या स्वतःच्या जीमेलला जोडलेला असतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. ज्याला तासावर पैसे मिळतात त्यानं रात्री बसून सर्व्हर का सांभाळावा? म्हणून करारात पहिली ओळ हीच घाला: ॲडमिनचा ईमेल कॉलेजच्या नावाचा असेल, ॲडमिन दोन असतील आणि दोघं वेगवेगळ्या कॉलेजांतले असतील, बॅकअप दर महिन्याला दोन्हीकडं जाईल, आणि जो हे करेल त्याला ठरलेलं मानधन मिळेल. युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीत ई-कंटेंटच्या एका मॉड्यूलला ५ गुण आहेत, पण ते आपल्यासारख्या कायम प्राध्यापकांच्या पदोन्नतीला उपयोगी. तासिकावाल्याच्या घरात त्या गुणांनी चूल पेटत नाही.

आता आयआयटींच्या साहित्याकडं. इथं गंमत अशी की बहुतेक ठिकाणी मोठ्या करार समारंभाची गरजच नसते, नुसतं काम करणारा एक माणूस लागतो.

एनपीटीईएल हे सात आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये सुरू केलेलं ऑनलाईन अभ्यासक्रमांचं काम. आज त्याचे अभ्यासक्रम २०१७ मध्ये आलेल्या स्वयम या केंद्र सरकारच्या ऑनलाईन मंचावरही आहेत. तुमच्या कॉलेजनं लोकल चॅप्टर, म्हणजे त्यांची स्थानिक शाखा, व्हायचं, एक समन्वयक द्यायचा, बास. अभ्यासक्रम चार, आठ किंवा बारा आठवड्यांचे असतात आणि नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत. पैसे लागतात ते परीक्षेला, साधारण हजाराच्या घरात. परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते, म्हणजे वर एसटीचं भाडं आणि एक दिवसाची मजुरी बुडाली. ही रक्कम माजी विद्यार्थी संघानं उचलली तर मुलं परीक्षेला बसतात, नाहीतर व्हिडिओ बघून थांबतात. माजी विद्यार्थी हाही भागीदारच, फक्त त्याच्याकडं आपण इमारत निधी सोडून दुसरं काही मागत नाही.

क्रेडिटचं, म्हणजे हा अभ्यासक्रम पदवीच्या गुणपत्रिकेत धरला जाईल का याचं, मात्र आधी विचारून घ्या. युजीसीच्या २०२१ च्या नियमांप्रमाणं एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम स्वयमवरून करता येतात. २०१६ च्या नियमांत ही मर्यादा २० टक्के होती. पण संलग्न कॉलेज ते परस्पर ठरवू शकत नाही, विद्यापीठाची मान्यता लागते. एखाद्या मुलीनं बारा आठवडे खपून प्रमाणपत्र आणलं आणि गुणपत्रिकेत त्याचा मागमूस नाही, असं झालं की पुढच्या वर्षी त्या वर्गातून कुणी नाव देत नाही. परीक्षा विभागाशी हे बोलणं आधी व्हायला हवं.

आपल्या मुलांना सगळ्यात लवकर पचतं ते स्पोकन ट्युटोरियल. आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौद्गल्य यांनी उभा केलेला हा प्रकल्प. साधारण दहा मिनिटांचा एकेक धडा, पडद्यावर सॉफ्टवेअर इंग्रजीतच आणि आवाज मराठीत. ऐकायचं, थांबवायचं, शेजारच्या खिडकीत स्वतः करून बघायचं. लिबर ऑफिस, पायथन, सायलॅब असं बरंच आहे, आणि एकदा उतरवून घेतलं की नेट लागत नाही. मराठी माध्यमातून बीएस्सीला आलेला मुलगा इंग्रजी व्याख्यानात तिसऱ्या मिनिटाला सुटतो, इथं तो टिकतो. मला विचाराल तर पहिला प्रयोग याच्यावरच करा.

व्हर्च्युअल लॅब्ज, म्हणजे संगणकावर करायचे आभासी प्रयोग, प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी दाखवायला उत्तम. स्पेक्ट्रोमीटर हातात यायच्या आधी मुलांना काय फिरवायचं ते कळलेलं असतं. मात्र उपकरणं नाहीत म्हणून सिम्युलेशनवरच प्रात्यक्षिक उरकायचं, असं कुणी सुचवलं तर ठाम नाही म्हणा.

ग्रंथपालांना या सगळ्यात पहिल्या दिवसापासून घ्या. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या संस्थेची एन-लिस्ट ही ई-पुस्तकं आणि ई-जर्नल्सची सेवा बऱ्याच कॉलेजांनी वार्षिक वर्गणी भरून घेतलेली असते आणि तिचे युजरनेम फक्त प्राध्यापकांपुरते पडून असतात. ते विद्यार्थ्यांनाही देता येतात. यासाठी नवा करार लागत नाही, ग्रंथपालांबरोबर एक चहा पुरतो.

तुमच्या जिल्ह्याचं म्हणून एक वेगळं सांगायला हवं. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला टोळ्या निघतात आणि तुमच्या वर्गातली काही मुलं आई-वडिलांबरोबर पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात. हजेरीपटावर ती फक्त गैरहजर दिसतात. तंत्रज्ञानाचा खरा उपयोग या मुलांना आहे, आणि कंपनीच्या डेमोमध्ये त्यांचा विचार कधीच नसतो. फडावर रात्री एकच मोबाईल, तोही बापाचा, चार्जिंग किती ते सांगता येत नाही. तिथं एक तासाचं लाईव्ह लेक्चर कोण बघणार? त्यांच्यासाठी छोटी ऑडिओ फाईल, एक पानाचा पीडीएफ आणि व्हॉट्सॲप एवढंच चालतं. माघारी राहिलेल्यांसाठी, विशेषतः ज्या मुलींना घरात फोन भावाकडून मागून घ्यावा लागतो त्यांच्यासाठी, गावातल्या सार्वजनिक वाचनालयाशी बोला. अनुदानित वाचनालय आणि तिथं एखादा संगणक असला तर पेनड्राईव्हवर सत्राचं साहित्य टाकून देता येतं. नॅकच्या दृष्टीनं हा करार फार दिमाखदार दिसणार नाही, पण केला तर तुमच्या यादीतला सगळ्यात कामाचा हाच असेल.

राहिली कंपनी. सरसकट नको असं माझं म्हणणं नाही. तुमच्याकडं सांभाळणारा माणूसच नसेल तर पैसे देऊन सेवा घेणं बरं. पण कोटेशनमधल्या पहिल्या वर्षाच्या सवलतीकडं बघू नका. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी प्रति विद्यार्थी दर काय, ते लिहून मागा. सोडायचं ठरलं तर प्रश्न, गुण आणि व्हिडिओ कुठल्या स्वरूपात परत मिळणार, ते मागा. विद्यार्थ्यांचे मोबाईल नंबर दुसऱ्या कुणाला, विशेषतः क्लासवाल्यांना, दिले जाणार नाहीत हे मागा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा त्यासाठीच आहे. मराठी मजकूर नीट दिसतो का, हे त्यांच्या लॅपटॉपवर न बघता तुमच्या वर्गातल्या सगळ्यात स्वस्त फोनवर बघा. आणि सही कुणाची चालते हे आधी संस्थेच्या कार्यालयात विचारा. प्राचार्यांनी परस्पर सही केलेला आर्थिक करार संस्थेनं पुढं अमान्य केला तर मधल्यामध्ये तुम्ही अडकाल.

करार एका पानापेक्षा मोठा नको. कुठला वर्ग, कुठला पेपर किंवा प्रकरणं, कुठल्या महिन्यांत, दोन्हीकडची जबाबदार माणसं कोण, पासवर्ड आणि बॅकअप कुणाकडं, खर्चाची वाटणी, केलेलं साहित्य दोघांनाही कायम वापरता येईल ही एक ओळ, आणि बाहेर कसं पडायचं. ज्यांनी हे करायचं त्यांच्या वेळापत्रकात आठवड्याला एक तास प्राचार्यांनी अधिकृतपणे द्यावा, हेही त्यात लिहून घ्या. हा तास मिळत नसेल तर बाकीचं लिहून काही उपयोग नाही.

सुरुवात जूनमध्ये करा. जानेवारीत नवीन काही काढलं की स्नेहसंमेलन, एनएसएसचं शिबीर आणि प्रात्यक्षिक परीक्षा यांत ते हरवतं. आमची ऑप्टिक्स आणि थर्मोची प्रश्नपेढी हवी असेल तर खाली कळवा, फाईल पाठवतो. मूडलमध्ये थेट चढते. विद्युतचुंबकत्वाची अजून अर्धी आहे. तुमच्याकडचे कुणी ती पुरी करणार असतील तर आमच्या तिघांची हरकत नाही.