सातवीतल्या मुलीचं विद्यापीठ ठरवण्याआधी तिची दहावी कुठून होणार ते ठरवा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सातवीतल्या लेकीला शाळेने 'माझे भावी विद्यापीठ' असा प्रकल्प दिलाय. तिने जाहिरातीत बघितलेलं एक खासगी विद्यापीठ निवडलंय आणि तुम्हाला ते पटत नाही. तिला कधी डॉक्टर व्हायचं असतं, कधी आर्किटेक्ट. वर इचलकरंजीतले क्लासवाले 'आठवीपासून फाउंडेशन लावा' (म्हणजे मेडिकल-इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षांची आतापासूनच तयारी) म्हणून फोनवर फोन करतायत. यावर बाकीच्यांनी बरंच सांगितलंय, ते मी परत सांगत नाही. मी अडखळले ती तुमच्या शेवटच्या ओळीवर: 'जूनपासून बहुतेक ह्यांची हैदराबादला बदली आहे, त्यामुळे तिथल्या शाळाही बघतोय.' तुम्ही ती जाता जाता लिहिलीत. माझ्या मते अख्ख्या प्रश्नात तीच ओळ महत्त्वाची, आणि नेमकं तिच्यावर कोणी चकार शब्द काढलेला नाही.

आधीच सांगते, मी वकील नाही आणि प्रवेशाच्या धंद्यातलीही नाही. जे भोगलं त्यावरून बोलतेय. नियम दरवर्षी थोडेफार हलतात, म्हणून त्या त्या वर्षीची सीईटी सेलची (राज्यातल्या प्रवेश परीक्षा आणि प्रवेश बघणारं सरकारी कार्यालय) माहितीपुस्तिका स्वतः वाचायची, माझ्या शब्दावर विसंबायचं नाही.

आमची थोरली सातवी झाली आणि ह्यांच्या कंपनीने हैदराबाद दाखवलं. आठवी, नववी, दहावी तिकडे झाली. मग ती आजी-आजोबांकडे लातूरला आली, अकरावी-बारावी आणि नीटचा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा, अभ्यास तिथे केला. जन्म महाराष्ट्रातला, आईबाप महाराष्ट्रातले, अधिवासाचा (डोमिसाइलचा) दाखला हातात, बारावी लातूरची. कोणाला शंका येईल?

महाराष्ट्रातल्या सरकारी मेडिकल कॉलेजांत एमबीबीएसच्या ८५ टक्के जागा राज्याच्या असतात, १५ टक्के अखिल भारतीय कोट्यात जातात. त्या ८५ टक्क्यांत बसायला अधिवास लागतोच, पण दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून झालेली लागते. बोर्ड कुठलंही चालतं. पुण्यातली सीबीएसई शाळा चालते, हैदराबादची चालत नाही. बदलीच्या नोकरीतल्या काही सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांना यातून सवलत आहे. खासगी कंपनीतल्यांना नाही, आणि आम्ही खासगीतले.

हे आम्ही विचारलं नव्हतं असं नाही, याचाच जास्त राग येतो. ती नववीत असताना सुट्टीला आलो तेव्हा मुद्दाम एका सरकारी कार्यालयात गेले होते. नाव घेत नाही. गावही सांगत नाही, घेणारे अर्थ काढतात. खिडकीतल्या साहेबांना सगळं सांगितलं, आठवीपासून बाहेर आहे, दहावी बाहेर होईल, बारावीला परत आणायचा विचार आहे, मेडिकलला अडचण येईल का? त्यांनी मान वर न करता विचारलं, 'डोमिसाइल आहे ना? मग झालं की.' मी म्हटलं, हे लेखी मिळेल का? तर म्हणाले, 'आम्ही असं लेखी देत नसतो, वेबसाइट बघा.' वेबसाइटवर माहितीपुस्तिका होती ती आडवी स्कॅन केलेली, अर्ध्या पानांचा मजकूर कडेला कापलेला, आणि पात्रतेचं नेमकं तेच पान वाचता येईना. तेही जाऊन सांगितलं. 'तक्रार अर्ज द्या' म्हणाले. अर्ज दिला. पोच दिली नाही.

तेव्हा तिची दहावी व्हायची होती. त्या माणसाने 'दहावी इकडे आणा' एवढे तीन शब्द उच्चारले असते तर आम्ही तिला त्याच जूनमध्ये आजीकडे आणली असती. घर होतं, शाळा समोर होती.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. नीटला गुण चांगले आले. कागदपत्रं तपासताना समोरच्या बाईंनी दहावीची गुणपत्रिका उलटसुलट करून बघितली आणि 'राज्य कोट्यात बसत नाही' म्हणून बाजूला ठेवली. परत त्याच कार्यालयात गेलो तर तिथे आता वेगळे साहेब. ते म्हणाले, नियम स्पष्ट आहे, तुम्ही वाचायला हवा होता. वरच्या कार्यालयात पाठवलं. वरच्यांनी विचारलं, तुम्हाला हे सांगितलं कोणी, त्यांच्याकडेच जा. राज्याच्या यादीत तिच्याहून कमी गुणांच्या मुलींना सरकारी कॉलेज मिळालं. अखिल भारतीय कोट्यात तिचा नंबर पोचला नाही. अभिमत (डीम्ड) विद्यापीठांची फी वर्षाला वीस लाखांच्या पुढे, तो विषय घरात निघालाच नाही. आता ती पुण्यात मायक्रोबायॉलॉजी शिकते, तिचं बरं चाललंय, उलट मलाच ते अजून पचलेलं नाही. असो. फार वाहवत गेले.

बरं, 'इथे नाही तर तेलंगणात मिळेल' असंही नाही. तिकडे स्थानिक विद्यार्थी ठरायला बारावीपर्यंतची सलग चार वर्षं, म्हणजे नववी ते बारावी, तिथे शिकलेलं असावं लागतं. आमची तीन वर्षं शिकून परत आलेली. ती ना इथली राहिली ना तिथली.

आता तुमच्याबद्दल. प्रत्येक दरवाजाचं मोजमाप वेगळं असतं, आणि सातवीत खरा अभ्यास करायचा तो याचा. आयआयटीला राज्य कोटाच नाही, तुम्ही कुठूनही शिका. एनआयटी म्हणजे केंद्राच्या इंजिनिअरिंग संस्था, त्यांत निम्म्या जागा त्या राज्यातल्या मुलांना असतात, आणि तिथे 'आपलं राज्य' बारावी कुठून केली त्यावर ठरतं. बारावी हैदराबादला झाली तर वरंगळचं एनआयटी तुमचं, सांगली-कोल्हापूरला झाली तर नागपूरचं व्हीएनआयटी. अधिवासाचा दाखला तिथे कामाचा नाही. महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकीच्या कॅप, म्हणजे सरकारी केंद्रीभूत, प्रवेशात जरा सैल आहे. दहावी-बारावी बाहेर झाली तरी मुलाचा किंवा आईवडिलांचा अधिवास इथला असेल तर दुसऱ्या प्रकारात बसता येतं. (तुमच्या शेजारचं निपाणी-बेळगाव आठवलं म्हणून सांगते, सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी याच प्रवेशात आणखी एक प्रकार आहे. तिकडच्या नातेवाइकांना कळवा, कित्येकांना माहीत नसतो.) सगळ्यात कडक मेडिकलच.

म्हणून माझं स्पष्ट मत. डॉक्टरकीचा विचार खरोखर असेल तर दोनच रस्ते सरळ आहेत. एक, हैदराबादला जा आणि नववी ते बारावी तिथेच पूर्ण करा. दोन, आठवीपुरती न्या आणि नववीला, फार तर दहावीला, परत आणा. दहावी तिकडे आणि बारावी इकडे, हे तेवढं करू नका. डॉक्टरकी हा नुसता आज सुचलेला विचार असेल तर एका कोट्यासाठी बारा वर्षांच्या पोरीला आईबापापासून लांब ठेवू नका. हे माझं वैयक्तिक मत, यावर इथे भांडण होईल, होऊ दे. आणि काय ते ठरवाल ते आठवीच्या वर्षात ठरवा. नववीत गेल्यावर बोर्ड बदललं की भाषा विषयांचा गोंधळ होतो.

शाळा बदलताना सोडल्याच्या दाखल्यावर नाव, जन्मतारीख आणि जन्मगाव बरोबर आलंय ना ते तिथल्या तिथे, काउंटरवर उभं राहून तपासा. पुढे प्रत्येक दाखला त्यावरून निघतो.

आता प्रकल्पाकडे. तिने निवडलेलं विद्यापीठ तुम्ही लगेच खोडू नका, तिलाच ते तपासू द्या. माझ्या धाकटीला मी हेच करायला लावलं, आणि तिने स्वतःच ते नाव वहीतून काढलं. माहितीपत्रकातल्या हिरवळीचे फोटो बाजूला ठेवायचे आणि चार गोष्टी शोधायच्या: पदवीवर नाव कोणाचं येतं, आत जायला परीक्षा कुठली, पहिल्या वर्षाला विषय कोणते, आणि पूर्ण फी किती. विषय बघणं फार मजेशीर. आर्किटेक्ट होणाऱ्या मुलीला पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम वाचून दाखवा, मग ती कुठल्या ओळीवर थांबते ते बघा.

पदवीवर नाव कोणाचं, हा प्रश्न आपल्याकडे मुलांना कोणी समजावूनच सांगत नाही. महाराष्ट्रात बहुतेक मुलं विद्यापीठात शिकतच नाहीत, विद्यापीठाला संलग्न कॉलेजात शिकतात. तुमच्या गावातलं डीकेटीई हे इंजिनिअरिंग कॉलेज घ्या. ते स्वायत्त आहे, म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा त्यांच्या, पदवी शिवाजी विद्यापीठाची. तेच पुण्याचं सीओईपी हे जुनं इंजिनिअरिंग कॉलेज २०२२ पासून स्वतःच विद्यापीठ झालं. आणि मी तुमच्या जागी असते तर प्रकल्प डीकेटीईवरच करायला सांगितला असता. यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेल्या पोरीला वस्त्रोद्योगाचं इंजिनिअरिंग म्हणजे काय, हे चालत जाऊन विचारता येतं. बाकीची मुलं इंटरनेटवरून चित्रं चिकटवतील. शिवाजी विद्यापीठाच्या आवारातही एक दिवस नेऊन आणा, कोल्हापूर कितीसं लांब आहे.

रँकिंगबद्दल थोडक्यात. केंद्राची एनआयआरएफ यादी २०१६ पासून निघते. त्यातल्या क्रमांकापेक्षा संस्थांनी स्वतः भरून दिलेले तक्ते बघा, तेही तिथेच मिळतात. किती मुलं वेळेत पास झाली, किती जणांना नोकरी लागली, किती पुढे शिकायला गेली, आणि नोकरी लागलेल्यांच्या पगाराचा मध्यक, म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने लावले की मधोमध येणारा आकडा. मुलीला टक्केवारी येत असेलच. जाहिरातीतलं 'सर्वाधिक पॅकेज' आणि तक्त्यातला मध्यक शेजारी शेजारी लिहायला सांगा. धाकटीने हे केलं तेव्हा तिचे वडीलच जास्त वेळ तक्ता बघत बसले होते.

पैशाचंही आत्ताच बोला, मुलांना कळतं. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सरकार भरतं. पण प्रवेश कॅपमधून झालेला हवा. व्यवस्थापन कोटा, अभिमत विद्यापीठ, खासगी विद्यापीठ यांना ते लागू नाही. तिने निवडलेलं जाहिरातीतलं विद्यापीठ बहुधा याच खात्यात मोडतं. काउंटरवरची माणसं हे आपणहून सांगत नाहीत.

फाउंडेशनच्या क्लासबद्दल माझं मत चांगलं नाही, म्हणून थोडक्यातच. त्या पैशात तिला २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदच्या जीएमआरटी या मोठ्या रेडिओ दुर्बिणी बघायला न्या. नारायणगावजवळ आहे, त्या सुमारास लोकांसाठी खुलं असतं. पुण्याला आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत शाळकरी मुलांसाठी शनिवारची व्याख्यानं होतात. तिला यातलं काही आवडलं तर आयसर, आयआयएससी ही विज्ञान संशोधनाच्या संस्थांची नावं तिच्या कानावर आपोआप पडतील. नाही आवडलं तर तेही कळलं. आणि बोटांचे ठसे घेऊन 'मुलीने काय व्हावं' सांगणारे कोणी आले तर चहासुद्धा देऊ नका, त्याला काडीचा शास्त्रीय आधार नाही. एवढंच लक्षात असू द्या की अकरावीत गणित सोडलं की अभियांत्रिकी आणि आर्किटेक्चर दोन्ही बंद होतात. तिची मनं दोन असतील तर तेव्हा गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवा, जड जातं पण जमतं.

बदली किती वर्षांची आहे, तुमच्या ह्यांची कंपनी खासगी की सरकारी, आणि इचलकरंजीत आजी-आजोबा किंवा कोणी सांभाळणारं आहे का, हे कळवा. सरकारी असेल तर मी वर लिहिलेल्यातलं काही कदाचित तुम्हाला लागू होणार नाही. आणि कुठल्याही कार्यालयात विचारायला जाल तेव्हा प्रश्न कागदावर लिहून दोन प्रती न्या, एकीवर शिक्का मारून घ्या. शिक्का मारायला नकार दिला तर उत्तरही तोंडी ऐकून परत येऊ नका, सरळ माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. दहा रुपये लागतात.