केनियाला जाताना पक्ष्यांचं कोणतं पुस्तक घ्यावं?

प्रश्न : ताई, फेब्रुवारीत आम्ही दोघं केनियाला जातोय. मसाई मारा, नैवाशा, नाकुरू. अंबाझरी आणि गोरेवाड्याला फिरतो, तेवढीच पक्ष्यांची ओळख. दुकानात तीन पुस्तकं पाहिली : अख्ख्या आफ्रिकेचं, पूर्व आफ्रिकेचं आणि केनियातल्या नेहमीच्या पक्ष्यांचं फोटोवालं. कोणतं घेऊ? की मोबाइल पुरे?
— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : पूर्व आफ्रिकेचंच घ्या. एकट्या केनियात १,१००च्या आसपास जाती आहेत. अख्ख्या आफ्रिकेचं पुस्तक नेलंत, तर काँगोच्या जंगलातला पक्षी माऱ्याच्या गवतात शोधत बसाल. फोटोवाल्यात बहुधा एका जातीचा एकच फोटो असतो, तोही नराचा. चित्रांच्या पुस्तकात मात्र चित्रकार सारख्या दिसणाऱ्या जाती एकाच पानावर, मादी-पिल्लासकट मांडतो.

पैसे देण्याआधी मैनांचं पान काढा. निळ्या पाठीच्या, तांबूस पोटाच्या दोन मैना तुम्हाला तिथे भेटतील : सुपर्ब स्टार्लिंग आणि हिल्डब्रांट्स स्टार्लिंग. पहिलीचा डोळा पांढरा, छातीवर पांढरा पट्टा. दुसरीचा डोळा लालसर, पट्टा नाही. पण सुपर्बच्या पिल्लाचा डोळाही काळपटच असतो, आणि घोळ तिथेच होतो. ते पिल्लू चित्रात हवंच. पक्षी कुठे आढळतो त्याचा नकाशा आणि माहितीही समोरच्याच पानावर हवी.

मग सुगरणींचं पान. तिथे वीण बरीचशी पावसावर ठरते. मोठा पाऊस मार्च ते मे, छोटा ऑक्टोबर ते डिसेंबर. फेब्रुवारी या दोन्हींच्या मधला, म्हणून विणीचा पिवळा साज उतरवलेले, चिमणीसारखे नरही दिसतील. दोन्ही पिसारे दाखवत नसेल ते पुस्तक ठेवून द्या.

आणि ‘तेवढीच ओळख’ म्हणू नका हो! धनेश, नीलपंख, वेडा राघू, सूर्यपक्षी यांचे भाऊबंद तिथेही आहेत. आपल्याकडे हिवाळ्यात येणारे पिवळा धोबी आणि ठिपकेवाली तुतारी त्याच दिवसांत केनियातही असतात. तेव्हा निघेपर्यंत रोज थोडी फक्त नवी कुळं वाचा : तुराको, माउसबर्ड, सेक्रेटरी बर्ड.

पक्षी ओळखून देणारं मर्लिन ॲप फुकट आहे, तेही घ्या; त्यातला तिकडच्या पक्ष्यांचा संच घरच्या वाय-फायवर उतरवून ठेवा. ॲपमधलं आणि पुस्तकातलं इंग्रजी नाव जुळलं नाही, तर शास्त्रीय नावातला दुसरा शब्द ताडून पाहा, तो सहसा टिकून असतो. अलीकडे बऱ्याच जातींची विभागणी होऊन नव्या जाती मानल्या गेल्या आहेत, म्हणून जुनी आवृत्ती स्वस्तात मिळाली तरी नवीच घ्या.