बिस्मथचा शेवटचा इलेक्ट्रॉन

प्रश्न : पुंज विद्युतगतिकी (क्यूईडी), म्हणजे प्रकाश आणि विद्युतभारित कण यांची परस्परक्रिया सांगणारी उपपत्ती, हायड्रोजनवर इतकी काटेकोर तपासून झाली आहे. मग बिस्मथचे 82 इलेक्ट्रॉन काढण्याचा खटाटोप कशाला? आणि 2017 मध्ये तिथे मोजमाप सिद्धांताशी जुळले नव्हते, त्याचे पुढे काय झाले? (एक वाचक, मिरज)

उत्तर : हायड्रोजनच्या केंद्रकाचे क्षेत्र सौम्य. क्यूईडी प्रखर क्षेत्रातही टिकते का, ते तिथे कळत नाही. बिस्मथच्या 83 प्रोटॉनांपाशी एकच इलेक्ट्रॉन ठेवला की तो केंद्रकाच्या अगदी जवळ राहतो. हायड्रोजनची 21 सेंटिमीटरची रेडिओरेषा ज्या अतिसूक्ष्म विभाजनातून (केंद्रक आणि इलेक्ट्रॉन यांच्या चुंबकत्वामुळे ऊर्जापातळी दुभंगते, त्यातून) येते, तेच इथे 244 नॅनोमीटरवर, अतिनील प्रकाशात, पोचते. म्हणून लेसर चालतो.

मोजणी जर्मनीत, डार्मश्टाटच्या जीएसआय या संशोधन केंद्रातील 108 मीटर घेराच्या ईएसआर साठवण कड्यात झाली. इलेक्ट्रॉन गमावलेले हे अणू, म्हणजे आयन, त्यात प्रकाशाच्या 71 टक्के वेगाने धावतात. समोरून सोडलेला 591 नॅनोमीटरचा लेसर डॉप्लर परिणामामुळे (प्रकाशाच्या दिशेने धावताना तरंगलांबी आखूड भासते) त्यांना 244 चा भासतो.

खरी मेख व्होल्टेजमध्ये आहे. आयनांचा वेग इलेक्ट्रॉन शीतलकाच्या (आयनांसोबत त्यांच्याच वेगाने इलेक्ट्रॉनांचा झोत सोडणारे उपकरण) सुमारे 214 किलोव्होल्टवरून काढतात. तिथे 1 व्होल्ट चुकला, तर तरंगलांबी दशलक्षात 2 भागांनी चुकते. 2011 चे मोजमाप इथेच अडले. 2014 मध्ये उच्च व्होल्टेज अचूक मोजणारा विभाजक लावून ते पुन्हा केले; 2017 मध्ये प्रसिद्ध झाले ते हेच.

एक रेषा मात्र पुरत नाही. केंद्रकात चुंबकत्व कसे पसरले आहे हे नीट ठाऊक नसते, आणि ती अनिश्चितता क्यूईडीच्या परिणामाच्याच तोडीची असते. तोडगा असा : तीन इलेक्ट्रॉनांच्या बिस्मथचेही विभाजन मोजायचे (1555 नॅनोमीटर, इथे लेसर पाठीमागून, सुमारे 640 वर) आणि त्यातून पहिल्याचे 0.16886 पट वजा करायचे. केंद्रकाचा वाटा बहुतेक कटतो. हा दुसरा आयन फार मंद उजळतो, उत्तेजित अवस्था सुमारे 80 मिलिसेकंद टिकते. त्यामुळे आयनांचे दोन पुंजके करतात, लेसर एकावरच टाकतात आणि दुसऱ्या पुंजक्याचा उजेड पार्श्वभूमी म्हणून वजा करतात.

वजाबाकी आली −61.012 मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट, सिद्धांत सांगत होता −61.320. तफावत प्रमाणित अनिश्चिततेच्या सुमारे 7 पट, म्हणजे दुर्लक्ष करण्याजोगी नव्हेच. पण सिद्धांताच्या आकड्यात केंद्रकाचे चुंबकीय आघूर्ण, म्हणजे त्याच्या चुंबकत्वाचे माप, बाहेरून घातलेले असते, आणि ते बिस्मथ नायट्रेटच्या द्रावणातील जुन्या चुंबकीय अनुनादावरून घेतले होते. भोवतालच्या रेणूंमुळे होणाऱ्या रासायनिक सरकीची दुरुस्ती त्यात चुकली होती. 2018 मध्ये बिस्मथ आणि सहा फ्लोरिन अशा आयनावर नव्याने मोजल्यावर आघूर्ण 4.1106 ऐवजी 4.092 अणुकेंद्रकीय मॅग्नेटॉन (या मापाचे एकक) निघाले. तो आकडा घालताच भाकीत −61.043 वर आले आणि प्रयोगाशी जुळले. आता सिद्धांताच्या बाजूची मोठी अनिश्चितता क्यूईडीच्या गणितात नाही, या आघूर्णातच आहे.