दोन ठिपकेदार घोड्यांना पांढरी आणि साधी शिंगरं का होतात?

विकू नका. आधी एवढं ऐका, बाकीचं सावकाश वाचा.

तुमचा प्रश्न असा: घोडे पाळायच्या ऑनलाइन खेळात ऍपलूसा या ठिपकेदार जातीची जोडी पाळली आहे, घोडा आणि घोडी दोघंही अंगभर ठिपक्यांचे, म्हणजे लेपर्ड. अकरा शिंगरं झाली. चार ठिपक्यांची, तीन जवळजवळ पांढरीफटक, एकाचा फक्त मागचा पुठ्ठा पांढरा आणि तीन साधी तपकिरी. तबेला भरला, तर ठिपके नसलेली सात काढून टाकू का, आणि 'शुद्ध' ठिपकेदार वंश कसा तयार करू?

मी अलिबागचा. पावसाळ्यात किनारा बंद, बाहेर पडायची सोय नाही, त्यातून हा नाद लागला. तुम्ही करायला निघालात तेच मी केलं होतं. माझी पहिली पांढरी घोडी मी खेळातल्या बाजारात मातीमोल काढली. जिने घेतली तिच्या तबेल्यात पुढे ओळीने ठिपकेदार शिंगरं जन्मत राहिली आणि मी बघत बसलो. त्या संध्याकाळी लाइट गेली होती. मेणबत्तीपुढे वही घेऊन पहिल्यांदा आईबापांच्या जनुकांचे चौकोन आखले.

आपला हा खेळ खऱ्या जनुकांचे नियम पाळतो, त्यामुळे खऱ्या घोड्याचाच हिशेब सांगतो. ठिपक्यांमागे मुख्य जनुकं दोन. पहिलं एलपी. हे असल्याशिवाय काहीच होत नाही. दुसरं पॅटर्न-१, जे पांढरा भाग किती पसरायचा ते ठरवतं. एलपी म्हणजे दिव्याचं बटण आणि पॅटर्न-१ म्हणजे बल्ब, असं मी माझ्या भाचीला सांगतो. बटण बंद असेल तर बल्ब कितीही मोठा असो, अंधारच. म्हणून साध्या तपकिरी घोड्याच्या अंगात पॅटर्न-१ वर्षानुवर्षं गुपचूप बसून राहू शकतं.

आता खरी गोम. ठिपके दिसायला एलपीची एकच प्रत लागते, आईकडून किंवा बापाकडून. दोघांकडूनही आली की ठिपके वाढत नाहीत, उलट जवळजवळ पुसले जातात! एक प्रत आणि सोबत पॅटर्न-१, तर लेपर्ड. दोन प्रती आणि पॅटर्न-१, तर फ्यू-स्पॉट, म्हणजे तुमची ती पांढरीफटक तीन. दोन प्रती आणि पॅटर्न-१ नाही, तर स्नोकॅप, तो पांढऱ्या पुठ्ठ्याचा. एक प्रत आणि पॅटर्न-१ नाही, तर व्हार्निश रोन, जो वयाबरोबर विटत जातो. एलपी मुळीच नाही, तर साधा.

म्हणजे लेपर्ड हा कायम मधला. त्याच्याकडे एलपीची एक प्रत असते आणि एक साधी. दोन लेपर्डांची जोडी कितीही पिढ्या लावा, सरासरी चारातलं एक शिंगरू दोन प्रतींचं आणि एक बिनप्रतीचं निघणारच. 'शुद्ध लेपर्ड' वंश या वाटेने होत नाही. हापूसचा बाठा रुजवून हापूसच मिळेल अशी आशा आपल्याकडे कोणी धरत नाही, म्हणून तर कलम बांधतात. घोड्याचं कलम होत नाही. प्रत्येक शिंगरू बाठ्यावरचंच.

तुमच्या अकरांत मला सगळ्यात बोलका वाटला तो स्नोकॅप. त्याच्याकडे पॅटर्न-१ नाही, म्हणजे आईने आणि बापाने दोघांनीही त्याला पॅटर्न-१ नसलेली बाजू दिली. दोघं लेपर्ड असल्याने दोघांकडे ते आहे हे नक्की. म्हणजे दोघांकडे त्याची एकेकच प्रत. एका शिंगराने आईबापांची अख्खी कुंडली मांडली. अशा जोडीचा सोळा शिंगरांमागे हिशेब असा पडतो: सहा लेपर्ड, तीन फ्यू-स्पॉट, एक स्नोकॅप, दोन व्हार्निश रोन, चार साधी. तुमची चार-तीन-एक-शून्य-तीन त्याच्या जवळपासच आहे. हां, खेळातला फासा मागचं लक्षात ठेवत नाही. तीन साधी लागोपाठ झाली म्हणून चौथं ठिपक्यांचंच येईल, हे मटक्याच्या आकड्यावाल्याचं गणित.

आता तबेल्याचं. तिन्ही फ्यू-स्पॉट ठेवा. कोणाशीही जोडी लावलीत तरी त्यांच्या प्रत्येक शिंगराला एलपीची एक प्रत मिळणारच, त्यामुळे साधं शिंगरू हा प्रकारच संपतो. बघायचं एवढंच की त्यांच्याकडे पॅटर्न-१ एक आहे की दोन. प्रत्येकाकडे दोन असण्याची शक्यता तीनात एक. ज्या साध्या घोडीत पॅटर्न-१ नाही हे पक्कं ठाऊक आहे, तिच्याशी जोडी लावून पाच शिंगरं बघा. एक जरी ठिपक्यांऐवजी व्हार्निश रोन निघालं तर एकच प्रत. पाचही लेपर्ड निघाली तर बहुधा दोन, कारण एका प्रतीच्या घोड्याला पाचही तशीच व्हायची शक्यता बत्तिसात एक. दोन प्रतींचा सापडला की त्याला जपा. मग समोर एलपी नसलेली कुठलीही साधी घोडी आणा, प्रत्येक शिंगरू लेपर्ड. तुम्हाला हवा असलेला 'वंश' तो हाच, फक्त त्याचा मूळपुरुष पांढरा.

स्नोकॅप तर मापाचा काटा आहे. त्याच्याकडून एलपी नक्की येतं आणि पॅटर्न-१ नक्की येत नाही. म्हणून साध्या घोडीला त्याच्यापासून लेपर्ड झालं, तर पॅटर्न-१ त्या घोडीच्या पोटात लपलेलं होतं हे सिद्ध. तुमच्या तीन साध्यांपैकी प्रत्येकात ते असण्याची शक्यता चारात तीन. भावंडांची जोडी लावायला माझं मन होत नाही (खेळ चालवून घेतो, ते वेगळं), म्हणून साध्या घोड्या दुसऱ्याशी बदलून घ्या. पॅटर्न-१ च्या दोन प्रती असलेली साधी घोडी आणि स्नोकॅप, या जोडीत दोघांच्याही अंगावर एक ठिपका नाही आणि शिंगरं मात्र झाडून सगळी लेपर्ड. पहिल्यांदा झालं तेव्हा मला वाटलं खेळच बिघडला.

पांढरं दिसलं की फ्यू-स्पॉट समजू नका, हे मात्र सांगायला हवं. आमच्याकडे ओहोटीला कुलाबा किल्ल्यापर्यंत घोडागाड्या जातात. त्यातल्या एका पांढऱ्याशुभ्र घोडीकडे बघून मी मोठ्या ऐटीत ऍपलूसाचं ज्ञान पाजळलं, तर गाडीवाला म्हणाला, 'ही आणली तेव्हा काळीभोर होती.' जवळ जाऊन पाहिलं, नाकपुडीभोवतीचं कातडं कोळशासारखं. हे ग्रे जनुक. त्याची एक प्रत पुरते. शिंगरू रंगाचं जन्मतं आणि वर्षांगणिक पांढरं होत जातं, ठिपक्यांचं असलं तरी. तुमच्या वंशात ते शिरू देऊ नका, सगळी मेहनत पांढऱ्याखाली गडप होईल. एलपीच्या घोड्याचं कातडं तोंडाभोवती गुलाबी-काळं चितरलेलं असतं, खुरांवर उभे पट्टे दिसतात, डोळ्याची पांढरी कड दिसते. आणि आपण ज्याला अबलख म्हणतो, मोठ्या पांढऱ्या डागांचा, त्याचा या जनुकांशी संबंध नाही.

खऱ्या घोड्यात दोन प्रतींची किंमत मोजावी लागते. एलपी म्हणजे टीआरपीएम१ नावाच्या जनुकात घुसलेला एक परका तुकडा. तो संशोधकांनी २०१३ साली दाखवला. हेच जनुक डोळ्याच्या पडद्यातही काम करतं, त्यामुळे दोन प्रतींचा घोडा जन्मतः रातांधळा. दिवसा ठीक, अंधार पडला की चाचपडतो. आपल्या खेळात रात्रच होत नाही, म्हणून फ्यू-स्पॉट ठेवताना मला काही वाटत नाही. कोणी खरा घोडा घ्यायला निघालं असेल तर तिथे माझा सल्ला वेगळा असेल.

बाकी, बाजारात कोणी स्नोकॅप 'ठिपके आले नाहीत' म्हणून स्वस्तात काढलेला दिसला, तर मला विचारत बसू नका, घेऊन टाका. मी आधी पाहिला तर मी घेणार आहे.