दिवस मॅनिक चालतो, माणूस नाही

प्रश्न असा आलाय: लंडनची मॅनेजर दर सोमवारी कॉलवर उशिरा येते आणि "सॉरी, इट्स बीन मॅनिक" म्हणते, ऐकून ऐकून शब्द आवडला, म्हणून टीममधल्या एका ज्युनिअर मुलीच्या अप्रेझलमधे अगदी कौतुकाने "शी हॅज अ मॅनिक एनर्जी" लिहिलं, तर तीच मॅनेजर म्हणाली की हे वाक्य काढ. का? आणि त्याऐवजी काय लिहू?

मॅनेजर बरोबर बोलली. ती तो शब्द दिवसाला लावते आणि तुम्ही माणसाला लावलात, घोळ तिथे झालाय. ब्रिटिश बोलण्यात मॅनिक म्हणजे नुसती धांदल, मुलांना शाळेत सोडायची सकाळ मॅनिक, नाताळच्या आधीचा आठवडा मॅनिक, दुकानातला शनिवार मॅनिक. आपण "काय लगीनघाई चाललीय" म्हणतो तेव्हा घरात लग्न थोडंच असतं, तसंच ते. अमेरिकन माणूस बहुतेक वेळा इथे "क्रेझी" म्हणून मोकळा होतो.

पण माणसाला लावला की त्याच शब्दाला दवाखान्याचा वास येतो. मूळ ग्रीक मेनिया, म्हणजे वेड. जर्मन मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिनने १८९९ मधे मन कधी टोकाच्या उत्साहात तर कधी टोकाच्या उदासीत जाणाऱ्या आजाराला मॅनिक-डिप्रेसिव्ह हे नाव रुळवलं, मग १९८० मधे अमेरिकन डॉक्टरांच्या निदानाच्या पुस्तकात त्या जागी बायपोलर आलं, तरी मॅनिक एपिसोड हा शब्द डॉक्टर आजही रोज वापरतात. आठवडाभर किंवा जास्त, दोन-तीन तास झोप आणि तरी माणूस टवटवीत, बोलणं थांबत नाही, एका विचारातून तिसऱ्यात उडी, खिशात नसलेले पैसे खर्च. माझ्या ओळखीच्या एका घरात हे झालंय, रात्री तीन वाजता ओट्यावरचे सगळे डबे रिकामे करून घासत बसलेली बाई आणि दारात उभा असलेला नवरा, त्याला "काय मॅनिक एनर्जी आहे हो वहिनींची" म्हणून बघा. तुमच्या ज्युनिअरच्या घरात काय आहे तुम्हाला माहीत नाही, आणि अप्रेझल हा कागद फाइलीत राहतो.

म्हणजे माणसाजवळ हा शब्द फिरकतच नाही असंही नाही. रॉबिन विल्यम्सच्या स्टँडअपबद्दल लिहिताना मॅनिक एनर्जी हे समीक्षकांचं अगदी हातातलं विशेषण होतं, पण ते स्टेजवरच्या कामाबद्दल. मॅनिक हसू, मॅनिक नजर हेही चालतं, कथा-कादंबरीत. गंमत म्हणजे इथेही शब्द हळूच घसरतो. २००७ मधे नेथन रेबिन नावाच्या समीक्षकाने "मॅनिक पिक्सी ड्रीम गर्ल" असा शब्दप्रयोग काढला, उदास हिरोला जगायला शिकवणं एवढंच काम असलेल्या सिनेमातल्या बागडणाऱ्या नायिकांसाठी. टोमणा खरंतर लेखकांना होता. लोकांनी तो भलत्याच ठिकाणी नेला आणि २०१४ मधे त्याने स्वतःच हा शब्द काढल्याबद्दल माफी मागितली.

(उच्चाराचं जाता जाता. मॅनिक मधे मॅ, पण मेनिअ‍ॅक मधे मे, आणि मनायकल मधे तिसराच प्रकार. आपल्याकडे तिन्हीची खिचडी ऐकू येते.)

आता कोणी म्हणेल आजाराचा शब्द रोजच्या बोलण्यात आला तर बिघडलं कुठे, आणि मुद्दा खरा आहे, कारण हेक्टिक बघा. आपण ऑफिसातून येऊन "आज फार हेक्टिक झालं" म्हणतो तो शब्द मुळात क्षयाचा ताप, रोज संध्याकाळी चढणारा, गालावर लाली आणणारा, आणि ग्रीक मुळात अर्थ "अंगवळणी पडलेला". शेक्सपिअरच्या हॅम्लेटमधे राजा म्हणतो की हा पोरगा माझ्या रक्तात हेक्टिकसारखा उसळतोय, म्हणजे तापासारखा. धावपळीचा अर्थ विसाव्या शतकात रुळला आणि आता कोणाला क्षय आठवत नाही, डॉक्टरही तापाला सहसा हेक्टिक म्हणत नाहीत. दवाखान्याने शब्द सोडला की तो धुऊन निघतो. मॅनिक दवाखान्याने सोडलेला नाही.

फ्रँटिक आणि फ्रेनेटिक हे तसेच धुतलेले, दोघांचं मूळ एकच, ग्रीकमधला डोक्यात गेलेल्या तापाचा शब्द. पण आज दोघांत फरक आहे. दादरला प्लॅटफॉर्म बदलल्याची अनाउन्समेंट झाली, गाडी लागलीय आणि बॅगेत पास सापडत नाहीये, तेव्हा तुम्ही फ्रँटिक असता, त्यात धास्ती हवी. ढोल-ताशाची लय वाढत वाढत शेवटी हात दिसेनासे होतात ते फ्रेनेटिक, तिथे भीती नाही, नुसता वेग. अप्रेझलमधे मात्र फ्रेनेटिकही नको, कारण कामाबद्दल म्हटलं की पळापळ फार आणि हाती काही नाही असा अर्थ निघतो.

मला वाटतं तुमच्या डोक्यात मराठी वाक्य होतं, "झपाटल्यासारखं काम करते". मराठीत ते चक्क कौतुक आहे. खरंतर झपाटतं ते भूत, पण आपण ते भूत केव्हाच उतरवलं आणि शाबासकीत घेतलं. अंगात येण्याचं मात्र तसं झालं नाही, "तिच्या अंगात आलंय" म्हटलं तर कोणी बढती देणार नाही. उन्मादही तसाच, चरकसंहितेत त्याच्यावर वेगळे अध्याय आहेत, आजही डॉक्टर मेनियाला मराठीत उन्मादच म्हणतात, आणि बोलण्यात तो सत्तेचा नाहीतर विजयाचा असतो, चांगल्या अर्थाने क्वचितच.

झपाटल्यासारखं याला इंग्रजीत सगळ्यात जवळचा शब्द ड्रिव्हन. "शी इज ड्रिव्हन, अँड हर एनर्जी लिफ्ट्स द होल टीम" असं लिहा. आणि पुढच्या सोमवारी मॅनेजरला सांगताना "इट्स बीन मॅनिक हिअर टू" बिनधास्त म्हणा.