सॉफ्टवेअरवाल्याने लॉगिनच बंद केलं

प्रश्न : वकीलताई, तासगावजवळ आमचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे. लॉट, भाडं आणि सौद्यांच्या हिशेबासाठी पुण्याच्या एका पुरवठादाराकडून सॉफ्टवेअर करून घेतलं. 6,80,000 रुपये ठरले, त्यातले 4,00,000 दिले. जानेवारीत चालू करून दिलं, पण पेट्यांचा आकडा जुळतच नाही. रोज फोन करतो, 'उद्या माणूस बघेल' म्हणतात. आता उरलेल्या पैशांची नोटीस आली आणि लॉगिनही बंद केलंय. ग्राहक मंचात जाऊ का?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : दादा, ग्राहक आयोगाचा रस्ता सोडून द्या. धंद्यासाठी घेतलेली सेवा 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसत नाही. स्वयंरोजगारावर पोट भरणाऱ्याला त्यात सूट आहे, पण चौदा माणसं कामाला असलेल्या स्टोरेजला ती मिळणं अवघड.

तुम्ही पाठवलेल्या कागदांत वहीची अकरा पानं आहेत. मुनिमांनी लाल पेनाने लिहिलंय : लॉट 214, आवक 340 पेट्या, संगणकात 304. खाली तारीख आणि 'फोन केला'. प्रत्येक पानाच्या शेवटी हेच, 'फोन केला'. वही पाहून मला मुनिमांचं कौतुक वाटलं, आणि ते दोन शब्द वाचून काळजी.

कारण पुरवठादाराच्या बिलावर उद्यम नोंदणीचा नंबर आहे, तोही लघु उद्योग म्हणून. अशा पुरवठादाराला 2006च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याचं संरक्षण मिळतं. सेवा मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर ती त्याच दिवशी स्वीकारली असं धरतात. पैसे द्यायची मुदत करारातसुद्धा 45 दिवसांपलीकडे नेता येत नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. निकाल विरुद्ध गेला तर आव्हान देण्याआधी 75 टक्के रक्कम भरावी लागते. इचलकरंजीच्या एका कारखानदाराची फाइल माझ्याकडे आली तेव्हा तीत तक्रारीचा पुरावा म्हणून फक्त मोबाइलची बिलं होती. माणूस खरा होता, तरी तडजोडीत त्यांना मोठी रक्कम सोडावी लागली. ते मला अजून लागून राहिलंय.

पण घाबरू नका. सेवा स्वीकारली असं धरलं म्हणजे दोष माफ झाले असं नव्हे, त्यांची भरपाई मागता येते. जानेवारीत एखाद्या पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता का, ते शोधा. सापडला तर तो फोन जपून ठेवा, बदलू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे त्याला प्रमाणपत्र जोडावं लागेल.

त्याआधी मात्र डेटा ताब्यात घ्या. प्रोग्रामचा कॉपीराइट लेखी करून घेतला नसेल तर तो बहुधा त्यांचाच राहील, पण शेतकऱ्यांची खाती तुमची आहेत. एक्सेलमध्ये सगळ्या नोंदी मागणारं पत्र आजच ईमेल आणि रजिस्टर पोस्टाने पाठवा. हक्काच्या वापरकर्त्याला संगणकापासून अडवलं तर 2000च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43 खाली भरपाई मागता येते. 5 कोटींपर्यंतचे असे दावे राज्याच्या आयटी सचिवांपुढे चालतात. करारात 'पैसे थकल्यास सेवा बंद' असं कलम असेल तर हा मुद्दा लंगडा पडतो, म्हणून आधी करार नीट वाचा.

कराराच्या पाठीमागे बारीक अक्षरात 'लवाद पुरवठादार नेमेल' असं आहे. वादात ज्याचा हितसंबंध आहे त्याला एकट्याने लवाद नेमता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये सांगितलंय. त्यांनी कळवलेलं नाव मुकाट्याने मान्य करू नका. डेटा अडवून धरला तर लवाद बसायच्या आधीही कोर्टाकडून अंतरिम आदेश मागता येतो.

'फेब्रुवारीत आवक सुरू होते, त्याआधी हवं' असं ऑर्डर देताना कुठे लिहिलं होतं का? तो ईमेल मिळाला तर हंगामातल्या नुकसानीचा दावा करार कायद्याच्या कलम 73 खाली भक्कम होतो. नुकसानीची कल्पना समोरच्याला करार करतानाच होती, हे त्यातून दिसतं.

आणि मुनिमांना सांगा, वही तशीच चालू ठेवा. फक्त 'फोन केला'च्या जागी यापुढे 'ईमेल केला' आणि वेळ लिहा.